बोटीत इंजिनचा आवाज कमी करायचाय? मटेरियल घेण्याआधी हे वाचा

हिडकल डॅमच्या बॅकवॉटरला असू दे, कृष्णेकाठी यडूर-अंकलीकडं असू दे, नाहीतर घाट उतरून गोव्याला-कारवारला, इंजिनची बोट म्हटली की आवाज आलाच असं धरून लोक गप्प बसतात. ज्यांना सहन होत नाही ते सरळ फोमच्या दुकानात जातात, दोन इंची फोम घेतात, एसआर (रबरी डिंक) लावून इंजिन बॉक्सला आतून चिकटवतात आणि चार दिवसांनी म्हणतात काय फरक पडला नाही ओ. फरक पडणारच नव्हता, कारण नुसता फोम आवाज अडवत नाही. आवाज अडवतंय ते वजन, आणि वजन लावून पण फट ठेवली तर ते वजन फुकट जातंय. फोमचं काम वेगळं आहे, ते पण महत्त्वाचंच आहे, पुढं सांगतो, पण ही एक गोष्ट अगोदर डोक्यात बसली तर निम्मे पैसे इथंच वाचतात.

माझं काम बेळगावच्या उद्यमबागेत शीट मेटलचं, जनरेटरच्या कॅनोपी (आवाज अडवणाऱ्या पत्र्याच्या पेट्या) वगैरे, त्यातनंच बोटींचे इंजिन बॉक्स करायला लागलो. हे लिहायचं कारण म्हणजे बोटीतला आवाज कमी करणं ही चैनीची गोष्ट आहे असं बऱ्याच जणांना वाटतंय आणि मला ते अजिबात पटत नाही. 2005, 2019, 2021, कृष्णा-दूधगंगेचे पूर आपण सगळ्यांनी बघितलेत, पुराच्या पाण्यात बोट गावातनं जाताना माडीवरनं कोण हाक मारलं तर ती बोट चालवणाऱ्याला ऐकू यायला नको काय? मासेमारीच्या बोटीवर मागचा माणूस ओरडला "थांब, जाळं पंख्यात जातंय" (पंखा म्हणजे पाण्यातला प्रोपेलर) तर ते तांडेलच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाच्या, कानापर्यंत पोचायला पाहिजे. आणि कानाचं म्हणाल तर रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर राहिलं की कायमचं बहिरेपण यायचा धोका धरतात, त्याच्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एकच तास. उघड्या सिंगल सिलेंडर डिझेल इंजिनच्या शेजारी बसून दिवस काढणाऱ्या माणसाला हा हिशोब कोणच सांगत नाही.

आता डेसिबलबद्दल एवढंच लक्षात ठेवा की हे साधं बेरीज-वजाबाकीचं माप नाही. 3 डेसिबल कमी झाले म्हणजे आवाजाची ताकद निम्मी झाली, पण कानाला तो फरक जेमतेम कळतो. कानाला "हां, आता निम्मा झाला" असं वाटायला साधारण 10 डेसिबल कमी व्हायला लागतात. त्यामुळं कोण दुकानदार म्हणाला आमच्या शीटनं आवाज 90 टक्के कमी होतो, तर त्याला विचारा किती डेसिबल, कारण 90 टक्के म्हणजे हिशोबानं 10 डेसिबलच, आवाज गायब नव्हे.

पहिलं काम: आवाज कुठल्या वाटेनं येतोय ते बघा

मटेरियल नंतर. आवाज तुमच्यापर्यंत तीन वाटांनी येतो, एक हवेतनं बॉक्सच्या पत्र्यातनं-प्लायमधनं आरपार, दोन फटीतनं आणि भोकातनं, आणि तीन इंजिनच्या पायातनं, शाफ्टमधनं, सायलेन्सरच्या पाइपातनं बोटीच्या अंगात थरथर शिरून. तिन्हीला औषध वेगळं आहे. फोम आणि शीट पहिल्या वाटेचं औषध आहे, तिसऱ्या वाटेला त्याचा काडीचा उपयोग नाही.

तपासायची सोपी पद्धत सांगतो. बोट खुल्या पाण्यात नेऊन नेहमीच्या आरपीएमला चालवा, एक जण चालवायला, तुम्ही केबिनमध्ये नाहीतर बसायच्या जागी. मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप टाका, आकडा अगदी बरोबर नसेल पण अगोदर-नंतरची तुलना करायला पुरतंय, फक्त मोबाइल तोच, जागा तीच आणि आरपीएम तेच पाहिजे. पहिलं रीडिंग बॉक्सचं झाकण बंद ठेवून घ्या, मग झाकण उघडून घ्या, उघडताना फिरता बेल्ट आणि शाफ्टपासून लांब राहा. झाकण उघडल्यावर आवाज धाडकन वाढला तर बॉक्स आत्ताच बऱ्यापैकी काम करतोय आणि उरलेला आवाज बहुतेक थरथरीचा. झाकण उघडून पण फार फरक नाही तर दोन शक्यता, एक तर बॉक्स इतका हलका आणि फटीचा आहे की असून नसल्यासारखा, नाहीतर सगळा आवाज बोटीच्या अंगातनंच येतोय. हे वेगळं करायला हात लावून बघा, बसायची फळी, पार्टिशन, केबिनचा पत्रा. जिथं तळहाताला मुंग्या येतात तिथं ती फळी नाहीतर पत्राच आवाज करतोय. तिथं जोरात दाबून धरल्यावर आवाज बदलला तर मग शंकाच नको.

ॲपमध्ये ए आणि सी असं सेटिंग असतंय. दोन्ही घ्या. ए म्हणजे कानाला जसं ऐकू येतं तसं, सी मध्ये खालचा घुम्म आवाज पण धरला जातोय. सी चा आकडा ए पेक्षा 10-12 नं जास्त असेल तर तुमचा त्रास मुख्यतः घुमण्याचा आहे आणि त्याला पातळ फोम कितीबी लावा, हलणार नाही. त्याचं कारण साधं आहे, आवाजाची लाट जेवढी लांब तेवढं जाड मटेरियल लागतंय, 1000 हर्ट्झची लाट साधारण 34 सेंटीमीटरची, ती एक-दोन इंच फोमला बऱ्यापैकी सापडते, पण 100 हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची, तिला दोन इंच फोम म्हणजे काहीच नाही. आणि चार स्ट्रोक सिंगल सिलेंडर इंजिन 1500 आरपीएमला सेकंदाला साडेबारा वेळाच फायर होतंय, म्हणजे त्याचा मूळ ठोका अजून खालचा. आपल्याकडं पंपाची इंजिनं बोटीला बसवतात त्यांची ही खरी अडचण आहे.

फटींसाठी रात्री एक काम करा. इंजिन बंद, बॉक्समध्ये मोठा एलईडी दिवा लावून ठेवा, झाकण लावा, आणि बाहेरनं अंधारात बघा. जिथनं उजेड येतोय तिथनं आवाज येतोय. झाकणाच्या कडेनं, वायरी आणि केबल गेलेल्या भोकातनं, पाइपाच्या भोवतीनं, पार्टिशन आणि बोटीच्या अंगाच्या जोडातनं, बघून आश्चर्य वाटेल एवढा उजेड येतो. याचा हिशोब फार बोलका आहे, भिंतीच्या एक टक्का जागेत उघडी फट असेल तर बाकीची भिंत काँक्रीटची केली तरी 20 डेसिबलच्या वर अडवता येत नाही. म्हणून मी कुणालाबी पहिल्यांदा हेच सांगतो, अगोदर रबर बीडिंग, ग्रोमेट (वायरीच्या भोकात बसणारं रबरी कडं), सिलिकॉन आणि झाकण दाबून धरणारे कुलाबे यावर खर्च करा, त्याला फार पैसे लागत नाहीत आणि निम्म्या बोटींना त्यानंच समाधान होतंय. हवा जायची भोकं मात्र बुजवायची नाहीत, त्याचं खाली लिहिलंय, ते वाचल्याशिवाय सिलिकॉनची नळी हातात घेऊ नका.

वजन म्हणजे नेमकं किती

बाजारात बोटीसाठी जे तयार मटेरियल मिळतंय ते थराथराचं असतंय. एकदम आतला थर, जो बोटीच्या अंगाला चिकटतो, तो पातळ फोम. त्याच्यावर जड लवचिक शीट, बहुतेक जड भुकटी भरलेल्या व्हिनाइल प्लास्टिकची. त्याच्यावर इंजिनच्या बाजूला जाड फोम, इंच-दोन इंच. आणि सगळ्यात वर चंदेरी फॉइल नाहीतर काळी पातळ फिल्म. प्रत्येकाचं काम वेगळं. इंजिनकडचा जाड फोम बॉक्सच्या आत घुमणारा आवाज शोषतो, जड शीट आरपार जायचं ते अडवते, आणि मागचा पातळ फोम त्या शीटला बोटीच्या अंगापासून सुटं ठेवतो, म्हणजे दोन स्वतंत्र भिंती झाल्यासारखं होतं. लोक पैसे वाचवायला हा मागचा थर नसलेलं घेतात. कडक पत्र्यावर जड शीट डायरेक्ट चिकटवली की ती पत्र्याबरोबरच हलते, मग मिळतो तो फक्त वाढलेल्या वजनाचा फायदा.

विकत घेताना जाडी विचारू नका, चौरस मीटरला किलो किती ते विचारा. साधारण 5 किलो आणि 10 किलो असे दोन प्रकार चालतात. खात्री करायची असेल तर नुसत्या जड शीटचा फूट बाय फूट तुकडा मागून काट्यावर ठेवा, 5 किलोवाली असेल तर साधारण 465 ग्रॅम भरली पाहिजे, 10 किलोवाली 930. गणपत गल्लीत कुठलाबी किराणा दुकानदार काटा देतोय, लाजायचं नाही.

आता किती घ्यायचं. नियम असा की वजन दुप्पट केलं की साधारण 5-6 डेसिबल जास्त अडतात. इथं तुमची बोट कशाची आहे ते फार महत्त्वाचं आहे आणि कुठला विक्रेता हे सांगताना मला दिसला नाही. फायबरचं पार्टिशन 4 मिलीमीटर असेल तर ते स्वतः चौरस मीटरला साधारण 6 किलो भरतं, त्याला 5 किलोची शीट लावली तर वजन जवळजवळ दुप्पट, 5 डेसिबलच्या आसपास फायदा. 12 मिलीमीटर प्लाय साधारण 7 किलो, तिथं पण साडेचार-पाच मिळतात. पण लोखंडी बोट असेल, 3 मिलीमीटर पत्रा, तर तो अगोदरच चौरस मीटरला साडेतेवीस किलो आहे, त्याला 5 किलोची शीट डायरेक्ट चिकटवून मिळतात जेमतेम पावणेदोन डेसिबल. पैसे पाण्यात. लोखंडी बोटीला वजन नव्हे, पत्र्याची थरथर मारायला पाहिजे, म्हणजे डँपिंग शीट. कारच्या दरवाजाला आतनं चिकटवतात ती ब्युटाइलची, वर ॲल्युमिनियम फॉइल असलेली, तीच जात. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, मोकळ्या पत्र्याच्या मधल्या भागात तिसरा हिस्सा ते निम्मा झाकला तरी टणटण आवाज बसतो. डांबराची स्वस्त शीट मिळते पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात इंजिनजवळ ती मऊ पडून सरकते, मी घालत नाही. डँपिंगवर मग वरचं थराचं मटेरियल, मागच्या फोमवालं.

बोटीला वजन झेपतंय काय हे पण बघायचं. समजा बॉक्स 1.2 मीटर लांब, 0.9 रुंद, 0.9 उंच. चार बाजू आणि झाकण मिळून जवळपास 4.9 चौरस मीटर. 5 किलोच्या हिशोबानं 25 किलोच्या आत, 10 किलोच्या हिशोबानं पन्नासच्या जवळ, फोम आणि डिंकाचं वेगळं. मोठ्या ट्रॉलरला हे काहीच नाही, पण छोट्या फायबरच्या बोटीला मागच्या बाजूला पन्नास किलो म्हणजे एक माणूस कायमचा बसवल्यासारखं, बोट मागं दबते. अशा बोटीला 5 किलोचंच घ्यावं आणि फटींवर जास्त मेहनत करावी असं माझं ठाम मत आहे. झाकण पण जड होतं, बिजागरी आणि आडवा टेकू त्या वजनाचा आहे काय बघा, इंजिनमध्ये हात घातलेला असताना झाकण पडलं तर बोटं जातात.

शिशाची शीट जुने लोक वापरत होते, काम उत्तम करते, अर्ध्या मिलीमीटरपेक्षा पातळ शीटमध्ये 5 किलो वजन बसतं. पण शिसं विषारी आहे, कापताना-घासताना भुकटी पोटात जाते, आणि खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला टेकलं तर ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. आता व्हिनाइल मिळतंय तर शिशाच्या मागं लागू नका.

आणि अंड्याचे ट्रे, थर्माकोल, जुन्या गाद्या, गोणपाट. अंड्याच्या ट्रेला वजन नाही, थर्माकोल आवाज अडवत नाही, शोषत पण नाही आणि वर धडाधड जळतंय. यातलं काहीच इंजिनजवळ नको.

आग आणि तेल, इथं तडजोड नाही

गादीचा साधा फोम इंजिन बॉक्समध्ये लावलेली बोट बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. त्या फोमला वर्षभरात डिझेलची वाफ आणि ऑइलचे शिंतोडे मुरतात, म्हणजे तुम्ही इंजिनभोवती तेलात भिजवलेला बोळा गुंडाळून ठेवलाय. आणि पॉलीयुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असे विषारी वायू सुटतात. जमिनीवर माणूस पळतो, नदीच्या मध्यभागी पळणार कुठं?

म्हणून विकत घेताना दोन गोष्टी लेखी मागा. छोट्या बोटींच्या आगीबद्दल आयएसओ 9094 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात इंजिनच्या जागेतल्या इन्सुलेशनला दोन अटी आहेत, इंजिनकडची बाजू इंधन न शोषणारी पाहिजे आणि आयएसओ 4589-3 प्रमाणं 60 डिग्रीला ऑक्सिजन इंडेक्स (मटेरियल जळत राहायला किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा) किमान 21 पाहिजे. हवेत ऑक्सिजन 21 टक्क्यांच्या आसपासच असतो, म्हणजे आकडा त्याच्या जेवढा वर तेवढं मटेरियल साध्या हवेत आपणहून जळत राहायची शक्यता कमी. दुकानदाराला हे माहीत नसेल तर कंपनीचा टेस्ट रिपोर्ट मागवून घ्या, "फायर प्रूफ आहे की ओ" या बोलण्यावर घेऊ नका.

रिपोर्ट असला तरी तुकडा घरी आणून बघावा. अंगणात, वारा पाठीमागनं येईल असं उभं राहून, चिमट्यात धरून कडेला लायटर लावायचा, बादलीभर पाणी शेजारी. ज्योत काढली की विझायला पाहिजे आणि पेटते थेंब खाली पडायला नकोत. धूर नाकात घेऊ नका. दुसरा तुकडा वजन करून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी परत वजन करा, कापलेल्या कडेनं किती पाणी पितोय ते कळतं. तिसऱ्यावर डिझेल टाका, फिल्मवरनं ओघळून गेलं तर बरं, कडेनं मुरणारच, म्हणून कडा टेपनं बंद करणं किती गरजेचं आहे ते डोळ्यानं दिसतं. फिल्म पातळच पाहिजे हे पण लक्षात ठेवा. काही जण मजबूत दिसावं म्हणून फोमवर जाड रेक्झिन चढवतात, मग आवाज फोमपर्यंत पोचतच नाही, रेक्झिनवरनंच परत फिरतो.

जनरेटरच्या कॅनोपीत आम्ही रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) वापरतो, कॅनोपीपासून 1 मीटरवर 75 डेसिबलच्या आत आवाज पाहिजे हा नियम आपल्या देशात आहेच, आणि ते कॅनोपीवाले लोक मला विचारतात तेच बोटीत घालू काय. रॉकवूल आगीला फोमपेक्षा कितीतरी चांगलं, मोठ्या जहाजांत वापरतातच. पण छोट्या बोटीत ते उघडं ठेवलं तर दमट हवेत आणि शिंतोड्यांनी ओलं होतं, थरथरीनं खाली बसतं, आणि त्याचे धागे इंजिनच्या एअर फिल्टरकडं खेचले जातात. घालायचंच असेल तर फॉइलमध्ये सगळीकडनं सीलबंद करून आणि वर भोकाचा पत्रा मारून, पाणी साठणाऱ्या जागेपासून वर. कॅनोपीकडनं शिकण्यासारखी गोष्ट मटेरियल नव्हे, हवेची वाकडी वाट आहे.

हवा

इंजिनला श्वास लागतो. 1 लिटरचं चार स्ट्रोक इंजिन 1500 आरपीएमला मिनिटाला 750 लिटर हवा ओढतंय, शिवाय गरमी बाहेर जायला पाहिजे ते वेगळंच. बॉक्स गच्च बंद केला तर इंजिन काळा धूर टाकतं, पॉवर पडते, गरम होतं. म्हणून हवेचं भोक ठेवायचं पण सरळ ठेवायचं नाही. प्लायचा नाहीतर पत्र्याचा चौकोनी डक्ट करून त्याला दोन काटकोनी वळणं द्या आणि आतनं त्याच फोमचं अस्तर लावा. हवा वळणं घेऊन जाते, वरचा कर्कश आवाज वळणावर अस्तरात बराचसा मरतो. डक्टचा मोकळा मार्ग, अस्तर लावल्यानंतरचा, पहिल्या भोकापेक्षा कमी होता कामा नये, हे मोजून घ्या.

पेट्रोल इंजिन आत बसवलेली बोट असेल तर थांबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साठते, आणि बॉक्स बंदिस्त केला तर स्टार्टरची एक ठिणगी पुरते. तिथं तळापासून वाफ ओढणारा ठिणगी न पडणारा ब्लोअर आणि खालची मोकळी भोकं हीच पहिली गोष्ट, आवाज नंतर. जाणकार माणसाला दाखवल्याशिवाय पेट्रोलच्या बॉक्सची एक पण फट बुजवू नका, हात जोडून सांगतो. गॅसच्या शेगडीचा सिलेंडर बोटीत असेल तर त्याला पण हेच लागू.

इंजिनचे पाय

थरथर जास्त आहे असं टेस्टमध्ये कळलं तर सगळे पैसे शीटमध्ये घालण्याआधी इंजिनखालचे रबर माउंटिंग बघा. तेल पिऊन फुगलेलं, चिरलेलं नाहीतर दगडासारखं झालेलं रबर असून नसल्यासारखं. बदलताना इंजिनच्या वजनाप्रमाणं रबर निवडावं लागतं, कडक घेतलं तर थरथर तशीच जाते, फार मऊ घेतलं तर इंजिन नाचतं. बदलल्यानंतर शाफ्टची लाइन परत जुळवून घेणं आलंच, नाहीतर नवीन रबरानं आवाज वाढला म्हणून तुम्हीच बोंब माराल.

ज्यांचं इंजिन लाकडी ओंडक्यांवर बोल्टनं डायरेक्ट आवळलेलं आहे आणि शाफ्ट कडक जोडलेला आहे, त्यांनी उत्साहानं नुसती रबरं घालू नका. इंजिन हलायला लागलं की कपलिंग (इंजिन आणि शाफ्टचा जोड) लवचिक पाहिजे, सायलेन्सरला बेलोज (घड्यांचा लवचिक पाइप) पाहिजे, डिझेलची लाइन आणि पाण्याची लाइन होजची पाहिजे. यातलं एक जरी कडक राहिलं तर तिथं चीर जाते. आणि 1500 च्या खाली चालणारं सिंगल सिलेंडर रबरावर नीट बसवणं अवघड काम आहे, त्यापेक्षा ओंडके मजबूत करून, सगळे बोल्ट घट्ट करून, बॉक्स मात्र इंजिनच्या पायापासून पूर्ण सुटा ठेवणं जास्त पदरात पडतं. बॉक्स बोटीला जिथं टेकतो तिथं मऊ रबर पट्टी, आणि बॉक्सचा एक पण खिळा इंजिनच्या ओंडक्याला नको.

मागच्या बाजूलाच घुमत असेल तर बोट वर काढल्यावर पंखा बघा. पातं वाकलेलं असेल, शाफ्टचं रबर बुश झिजलेलं असेल, नाहीतर पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यातली जागा पंख्याच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी असेल तर पाण्याचे ठोके तळाला बसतात. हे कुठल्याच फोमनं जाणार नाही.

बसवायचं कसं

दिवस कोरडे निवडा, दिवाळीनंतर ते मेपर्यंत. खानापूर-बेळगावच्या पावसात लावलेला डिंक धरत नाही. बॅटरी काढा, बिडी-सिगरेट लांब, सगळी झाकणं उघडी, कारण एसआरसारख्या डिंकाची वाफ पेटते आणि डोकं पण फिरवते. पृष्ठभाग भांड्याच्या लिक्विडनं नाहीतर पाण्यात मिसळायच्या डीग्रीझरनं धुऊन पूर्ण वाळवा, डिझेलनं पुसून चिकटवलं तर हमखास सुटणार, तेलाचा पातळ थर मागं राहतो.

पुठ्ठ्याचे साचे कापून अगोदर जागेवर लावून बघा, मग शीट कापा. झाकण पहिलं, मग केबिनकडचं पार्टिशन, मग बाजू. पैसे कमी पडले तर याच क्रमानं थांबा. नुसत्या डिंकावर झाकणाचं मटेरियल कधी ठेवू नका, गरमीत डिंक ढिला पडून ते बेल्टवर पडलं तर मोठं नुकसान होतं, प्रत्येक तुकड्याला मोठ्या वायसरचे स्क्रू नाहीतर पिना मारा, साधारण वीतभर अंतरावर, आणि इतके आवळू नका की फोम चपटा होईल. कापलेल्या सगळ्या कडा आणि जोड ॲल्युमिनियम टेपनं बंद. खालची कड तळापासून दोन-तीन इंच वर थांबवा, म्हणजे साठलेलं पाणी वर चढणार नाही. बोटीच्या तळाला आणि पाण्याखालच्या अंगाला आतनं काहीच चिकटवू नका, गळती लपते, आणि लाकडी बोट असेल तर मागं ओल धरून लाकूड कुजतं. सी-कॉक (बोटीच्या अंगातनं पाणी आत येणाऱ्या भोकाचा कॉक), डिझेल बंद करायचा व्हॉल्व्ह, डिपस्टिक, पाणी उपसायचा पंप यांच्यापर्यंत हात सरळ गेला पाहिजे, अंधारात सुद्धा.

पाण्यानं थंड न होणारा कोरडा सायलेन्सर असेल तर तो पाइप काही शे डिग्री गरम होतो. त्याच्यापासून मटेरियल वीतभर तरी लांब, मधे पत्र्याचा आडोसा, आणि पाइपाला फायबरग्लासची उष्णतेची पट्टी गुंडाळा. जुन्या बोटींवर पांढरी ॲस्बेस्टॉसची दोरी असते, ती कोरडी ओरबाडून काढू नका, तिचे धागे फुप्फुसात बसतात, काढायच्या कामाला माहितगार माणूस लावा.

मागं लटकवायच्या आउटबोर्ड मोटरवाल्यांना यातलं फार काही लागू नाही. तिचं झाकण आतनं फोमनं भरू नका, हवा कोंडते आणि आगीचा धोका आहे. झाकणाचं रबर बदला, क्लँप घट्ट करा, मोटर टांगलेली फळी मजबूत करा आणि चालवणाऱ्याला इयरमफ द्या, पण पुरात नाहीतर माणसं चढवताना मफ काढून ठेवायला सांगा.

काम झाल्यावर पहिल्या दिवशीच अर्धा तास लोडवर चालवून पाण्याचं आणि ऑइलचं टेंपरेचर बघा, अगोदरपेक्षा वाढलं असेल तर हवेची वाट कमी पडतीय, डक्ट मोठा करा. मग तेच ॲप, तीच जागा, तेच आरपीएम, रीडिंग परत घेऊन पहिल्याच्या शेजारी लिहून ठेवा. साधारण महिन्यानं टॉर्च घेऊन टेप सुटलीय काय, फिल्म कुठं फाटलीय काय बघा. फाटलेल्या जागी आतला फोम काळा-चिकट झाला नसेल तर लगेच टेप मारा, तेल मुरलेलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन घाला.